जमीन घ्यायची नाही, तर मालकाला नेमकं काय सांगता?

रानवाट
नमस्कार मंडळी. पुणे-सातारा पट्ट्यात शेतीसाठी जमीन बघतोय. घरचा सातबारा आहे, त्यामुळे खातेदार असण्याची अडचण नाही. माझ्या अटी तीनच: वर्ग १ (विकायला शर्त नसलेली) जमीन, नकाशावर दिसणारा रस्ता आणि निदान फेब्रुवारीपर्यंत पुरेल एवढं पाणी. ओळखीच्या चार जणांना सांगितलं आणि बातमी पसरली. आता रोज कोणी ना कोणी सातबारा पाठवतं, फोन करतं, "एकदा येऊन तर बघा" म्हणतं. एजंट असतात, पण बरेचसे स्वतः मालक. त्यातल्या बहुतेक जमिनी मला नको आहेत, आणि काही तर कागद बघताक्षणीच कळतात.

प्रश्न असा की यांना उत्तर काय द्यायचं? गप्प राहणं मला पटत नाही. समोरच्याने वडिलोपार्जित जमिनीचा कागद विश्वासाने पाठवलेला असतो. खरं कारण सांगावं तर वाद होतो, मोघम बोलावं तर पुन्हा फोन येतो. तुम्ही काय करता? शक्यतो स्वतःचा अनुभव सांगा.

चिंचेखाली
"सध्या विचार नाही, असला तर कळवतो." विषय संपला. एवढा खल कशाला?

नांगरट
चिंचेखाली, तिथे विषय संपत नाही, तिथूनच सुरू होतो. "असला तर कळवतो" हे ऐकणाऱ्याला "घेणार आहेत, भाव पाडतायत" असं ऐकू येतं. आमच्या गावात एका मालकाला शहरातल्या पार्टीने "विचार करून सांगतो" म्हटलं. याने चावडीवर सांगितलं की जमीन ठरल्यात जमा आहे. मग शेजारचा शेतकरी, जो खरंच घेणार होता, त्याने पैसे ट्रॅक्टरला लावले. शहरातली पार्टी पुन्हा आली नाही आणि त्या माणसाच्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. म्हणून माझं ठाम मत आहे: नकार त्याच आठवड्यात, आणि "नाही" हा शब्द उच्चारून.

बांधावरची
नांगरट यांना पूर्ण अनुमोदन. मी दिवाणी वकिली करते, जमिनीचेच खटले जास्त. मालकाचं खरं नुकसान नकाराने होत नाही, लोंबकळण्याने होतं. तो दुसऱ्याशी बोलणी थांबवतो, उधारी घेतो, भावाला शब्द देतो.

रानवाट, खरं कारण सांगायचं की नाही, या प्रश्नाचं उत्तर कारण कोणतं आहे त्यावर आहे. कारण कागदातलं असेल तर जरूर सांगा, कारण ते मालकालाच ठाऊक नसण्याची शक्यता बरीच असते. कारण तुमच्या आवडीचं असेल (उतार आवडला नाही, लांब पडतं, शेजार पटला नाही) तर "आमच्या कामाची नाही" एवढं पुरे.

गावमामा
एक मार्ग मी सांगतो. भाव इतका कमी सांगायचा की समोरचा स्वतःच फोन ठेवतो. :)

पाणंद
गावमामा, हे माझ्या चुलत्यांनी केलेलं. नको असलेल्या जमिनीला निम्मा भाव सांगितला. दोन दिवसांनी मालक घरी पेढे घेऊन हजर, "तुमच्या शब्दाला मान दिला, घ्या आता!" चुलते दोन महिने त्या गावच्या एसटीत बसायला घाबरत होते.

बांधावरची
:) पाणंद, पेढे खाल्ले की परत केले?

गंमत बाजूला ठेवून सांगते, गावमामा, असा भाव सांगणं फार वाईट. तो आकडा गावात फिरतो. "पुण्याच्या माणसाने एकरी इतकेच सांगितले" हे पुढचा प्रत्येक गिऱ्हाईक ऐकतो आणि मालकाची जमीन तिथेच अडकते. आपल्याला नको असलेल्या मालाचा भाव पाडायचा आपल्याला अधिकार नाही.

गावमामा
पटलं. मी ते एजंट डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं होतं, मालकांचा विचार मनात नव्हता.

रानवाट
बांधावरची ताई, कागदातलं कारण म्हणजे उदाहरणार्थ? माझ्याकडे आलेल्यात वर्ग २ च्या खूप आहेत. मालक म्हणतात "सगळे घेतात, काही होत नाही."

बांधावरची
सविस्तर लिहिते, कारण नकार देताना हेच शब्द लागतात.

वर्ग २ म्हणजे हस्तांतरणावर शर्त असलेली जमीन, पण सगळ्या वर्ग २ एकसारख्या नसतात. कुळकायद्याने (१९४८ चा) मिळालेली असेल तर कलम ४३ ची शर्त असते. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, कुळाला खरेदी प्रमाणपत्र मिळून १० वर्षं झाली असतील तर आकारणीच्या (शेतसाऱ्याच्या) ४० पट नजराणा सरकारला भरून ती शर्त उठवता येते. आकारणी सातबाऱ्यावर असते आणि ती इतकी किरकोळ असते की ४० पट करूनही रक्कम लहानच येते. हे ज्या मालकाला माहीत नाही तो वर्षानुवर्षं स्वस्तात विकायला तयार असतो. तुम्हाला घ्यायची नसली तरी हे एक वाक्य त्याला सांगा. त्याच्या जमिनीची किंमत वाढते.

वतनाची असेल (१९५८ च्या कनिष्ठ गाव वतन निर्मूलन कायद्यातली) तर प्रकरण वेगळं. तिथे परवानगी आणि नजराणा दोन्ही मोठे विषय आहेत. देवस्थान इनाम असेल तर विकणाऱ्याला विकायचा हक्कच नाही. तिथे गोड बोलण्यात वेळ घालवू नका, स्पष्ट सांगा.

आणि आदिवासी खातेदाराची असेल तर महसूल अधिनियमाचं कलम ३६अ. बिगर आदिवासीला घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि जिल्हाधिकाऱ्यांना आधी राज्य शासनाची मान्यता घ्यावी लागते. "आमच्यातल्याच एकाच्या नावावर करू, पैसे तुमचे" असा प्रस्ताव एजंट आणतात. त्याला एकच उत्तर: नाही. मालकाला वेगळं बसवून सांगता आलं तर सांगा की अशा कागदावर त्याची जमीन जाईल आणि पैसे कोणाकडे येतील याचा भरवसा नाही.

सडा_कातळ
कोकणातून लिहितोय. आमच्याकडे नकाराचं एक नंबर कारण म्हणजे सामाईक सातबारा. खातेदारांची नावं पानभर, निम्मे मुंबईला, काही वारले, वारस नोंदी नाहीत. विकायला येतो एकटा, आणि तो प्रामाणिकपणे सांगतो, "हा वरचा कोपरा माझ्या वाट्याचा." वाट्याचा म्हणजे तोंडी वाट्याचा.

अशा माणसाला मी सांगतो, "दादा, तुमचा शब्द मला मान्य आहे, कागदाला मान्य नाही. तहसीलदाराकडे महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली वाटपाचा अर्ज करा, सगळ्यांच्या सह्या जमल्या तर कोर्टात जायची गरज नाही. स्वतंत्र सातबारा झाला की तुम्हाला गिऱ्हाईकं शोधावी लागणार नाहीत." काही जण रागावतात, "घ्यायची नाही म्हणून कायदा शिकवता" असंही म्हणतात. पण काही जण गणपतीला सगळे भाऊबंद गावात जमतात तेव्हा तो विषय काढतात. कोकणात वाटण्या झाल्या तर त्या गणपतीत नाहीतर शिमग्यातच होतात.

जुने_दप्तर
सडा_कातळ, बहिणींचं विसरू नका. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलगी सहदायाद (वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासून वाटेकरी) आहे, आपल्या राज्यात तर १९९४ पासूनच तरतूद होती, आणि २००५ ला वडील हयात असण्याची गरज नाही हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. "बहिणींनी तोंडी सोडलंय" असं म्हणणाऱ्या मालकाला मी विचारतो, "ताई स्वतः येऊन हक्कसोडपत्र नोंदवतील का?" उत्तर द्यायला वेळ लागला तर मी तिथेच नम्रपणे नाही म्हणतो. कोणाच्या बहिणीचा वाटा मला नकळतही नको.

पुनवेची_चांदणी
जुने_दप्तर, शेवटच्या वाक्यासाठी मनापासून धन्यवाद. माझ्या आईचं नाव असंच सातबाऱ्यावरून वगळलेलं आहे.

चिंचेखाली
माझ्या पहिल्या प्रतिसादावर बरंच बोलणं झालंय. एक शंका. कारण सांगितलं की समोरचा ते दूर करायला निघतो. रस्ता नाही म्हणालो तर "रस्ता देतो", पाणी नाही म्हणालो तर "बोअर मारून देतो". आणि मला तर मुळात ती जमीनच नको असते. मग मी फसवल्यासारखं होत नाही का?

नांगरट
ही शंका रास्त आहे, आणि म्हणूनच क्रम महत्त्वाचा. आधी निर्णय, मग माहिती. "आम्ही ही जमीन घेत नाही. रस्ता झाला तरी घेणार नाही, आमचा शोध दुसरीकडे आहे. पण पुढच्या गिऱ्हाईकासाठी म्हणून सांगतो, नकाशात तुमच्या गटाला रस्ता दिसत नाही." यात "रस्ता झाला तरी" हे शब्द गाळायचे नाहीत. लोक हे वाक्य गिळतात आणि मग मालक रस्त्याच्या मागे लागतो तुमच्या भरवशावर.

पाणंद
रस्त्याचा विषय निघाला म्हणून. (माझ्या नावामुळे मला बोलायलाच हवं.) विकणारा म्हणतो "बैलगाडी जाते", आणि जातेही. पण ती शेजाऱ्याच्या मर्जीने. शेजाऱ्याचा मुलगा शहरातून परत आला की तारेचं कुंपण पडतं. फरक असा आहे: वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला असेल तर मामलेदार कोर्ट कायदा १९०६, कलम ५. रस्ताच नसेल आणि बांधावरून नवा हवा असेल तर महसूल अधिनियम, कलम १४३. दोन्ही अर्ज तहसीलदाराकडेच होतात, पण मागणी वेगळी. लोक एकाच्या जागी दुसरा अर्ज करतात आणि तो फेटाळला जातो. नकार देताना हे दोन आकडे कागदावर लिहून दिले तर माणूस हात जोडतो.

खडकाळ
कलम १४३ ने मिळणारा रस्ता किती रुंद? ट्रक जाईल का?

पाणंद
कलम गरजेपुरताच रस्ता देतं, बांधावरून, शेजाऱ्याचं कमीत कमी नुकसान करून. ट्रकच्या हिशेबाने जमीन घेणाऱ्याने त्यावर विसंबू नये. शेजाऱ्याकडून रीतसर मोबदला देऊन रस्त्याचा दस्त नोंदवून घेणं केव्हाही भक्कम.

खडकाळ
आणि ती नोंद सातबाऱ्यावर इतर हक्कात घ्यायची, बरोबर?

पाणंद
हो, दोन्ही सातबाऱ्यांवर.

गावमामा
धागा रस्त्यावरून रस्ता सोडून चाललाय. :) रानवाट यांच्याकडे परत या.

कोरडवाहू
बराच वेळ वाचतोय. तुम्ही सगळे घेणारे आहात, मी विकणारा होतो. मराठवाड्यात जिरायत जमीन, वडिलांच्या आजारपणात विकायला काढली. माझ्या बाजूने सांगतो.

सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला? येऊन बघून, चहा पिऊन, झाडाखाली फोटो काढून गेलेल्या आणि नंतर फोन न उचलणाऱ्या माणसांचा. प्रत्येक वेळी वडील विचारायचे, "काय म्हणाले रे?" माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं. नाही म्हणाले असते तर मी तसं सांगितलं असतं आणि आम्ही पुढचा माणूस बघितला असता.

एक जण मात्र वेगळे निघाले. दुसऱ्याच दिवशी सकाळी फोन केला. म्हणाले, "तुमची जमीन आम्हाला नको, विहिरीचं पाणी आम्हाला पुरणार नाही. पण एक सांगतो, तुमच्या गटाचा काही भाग शेजारी कसतोय आणि त्याचा तुम्ही. सलोखा योजनेत अदलाबदल करून घ्या, मग विका." मला योजनेचं नावही माहीत नव्हतं. २०२३ ची आहे, १२ वर्षांपासून एकमेकांच्या जमिनी कसणाऱ्यांसाठी. मुद्रांक शुल्क १,००० रुपये आणि नोंदणी फी १,००० रुपये. ती योजना मुदतीची आहे, म्हणून कोणाचं असं प्रकरण असेल तर लगेच तलाठ्याला भेटा. आमची अदलाबदल झाली, शेजाऱ्याशी अबोला संपला आणि शेवटी त्या शेजाऱ्यानेच जमीन घेतली. ज्यांनी नाही म्हटलं त्यांच्यामुळे आमचा व्यवहार झाला.

त्यामुळे रानवाट, कारण सांगा. राग आला तर येऊ द्या, तो आठवडाभर टिकतो. माहिती कामाला येते.

रानवाट
कोरडवाहू दादा, हा प्रतिसाद मी घरी वाचून दाखवला. वडिलांची तब्येत आता कशी आहे?

कोरडवाहू
बरे आहेत. रोज बांधावर जाऊन नव्या मालकाला सल्ले देतात. शेजारीच तो, त्यालाही त्याची सवय आहे. :)

जुने_दप्तर
कोरडवाहू यांच्यावरून आठवलं, अडचणीत विकणाऱ्यांचा एक वेगळा वर्ग असतो. आवाजावरूनच कळतं. भाव विचारला की भाव सांगत नाहीत, "किती दिवसांत पैसे होतील" हेच विचारतात. अशांना नाही म्हणताना जरा थांबावं आणि विचारावं, कशासाठी विकताय.

माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. सावकाराने आधीच अर्ध्या जमिनीचं खरेदीखत "तारण म्हणून" करून घेतलेलं आणि व्याज फेडायला उरलेली विकायची होती. मी घेतली नाही. त्यांना जिल्हा उपनिबंधकांकडे पाठवलं. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४, कलम १८: सावकारीच्या व्यवहारात खरेदीखत करून घेतलेली जमीन १५ वर्षांच्या आत तक्रार केली तर चौकशी होऊन परत मिळू शकते. चौकशी वेळखाऊ असते, पुरावे लागतात, पण निदान उरलेली जमीन विकायचं त्यांनी थांबवलं.

खडकाळ
यात भर. विजेच्या उपकेंद्राजवळच्या पडीक माळाचा मालक पैशांसाठीच विकत असेल तर त्याला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० बद्दल सांगा. जमीन भाड्याने जाते, हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. मालकी राहते. सगळ्यांना लागू पडणार नाही, अंतराची आणि क्षेत्राची अट आहे, पण माळरान विकायला निघालेल्याला हे ठाऊक हवं.

चिंचेखाली
म्हणजे जमीन घेणाऱ्याने आता समाजसेवा पण करायची? प्रत्येक फोनवर अर्धा तास दिला तर स्वतःची जमीन कधी बघायची?

पुनवेची_चांदणी
चिंचेखाली, अर्धा तास कोण म्हणतंय? जुने_दप्तर यांनी एका बाईंना एका कार्यालयाचं नाव सांगितलं. दोन मिनिटांचं काम. त्या दोन मिनिटांनी एका घराचं रान वाचलं.

बांधावरची
मला चिंचेखाली यांची बाजूही कळते. वेळेला मर्यादा असतेच. म्हणून सगळं बघायला जाऊ नका. आधी गट नंबर मागा. महाभूलेखवर सातबारा फुकट दिसतो, डिजिटल सहीचा १५ रुपयांना मिळतो, नकाशा महाभूनकाशावर. भोगवटा वर्ग, इतर हक्कातला बोजा, पोटखराबा (लागवडीलायक नसलेला भाग) आणि रस्ता, एवढं घरबसल्या कळतं. नकार तिथेच देता येत असेल तर जमिनीवर जाऊच नका. तुम्ही गेलात की मालकाच्या घरात आशा लागते. शेजारीपाजारी बघतात, चर्चा होते. न जाता दिलेला नकार सौम्य असतो.

अजून एक, आणि हे फार कळकळीने सांगते. लोक सातबाऱ्याबरोबर आधार कार्ड, बँकेचं पासबुक, मयताचा दाखला, असं सगळं एकगठ्ठा पाठवतात. सातबारा सार्वजनिक कागद आहे, बाकीचे नाहीत. नकार कळवताना लिहा: "तुमचं आधार आणि पासबुक मी मोबाईलमधून काढून टाकलं आहे, पुढे कोणाला व्यवहार ठरण्याआधी पाठवू नका." आणि खरंच काढून टाका. हे कागद भलत्याच्या हाती पडून खोटी कुलमुखत्यारपत्रं झालेली मी कोर्टात बघितली आहेत.

रानवाट
ताई, हे मनावरच घेतो. माझ्या मोबाईलमध्ये आत्ता या घडीला अनोळखी लोकांची आधार कार्डं आहेत. आज रात्री बसून काढतो.

सडा_कातळ
एजंटांचं काय? मालकांशी एवढं माणुसकीने ठीक. पण एजंट एकच जमीन तीन वेगवेगळ्या नंबरांवरून पाठवतात.

गावमामा
एजंटला कारण अजिबात सांगू नये, हे माझं मत कायम. कारण सांगितलं की तो तेवढंच झाकून पुढच्याला विकतो. "इतर हक्कात सोसायटीचा बोजा आहे" म्हटलं तर पुढच्या गिऱ्हाईकाला सातबाऱ्याचा कापलेला फोटो जातो. त्याला फक्त "गट नंबर पाठवा, नाहीतर पाठवू नका" आणि "नको". जो गट नंबर देत नाही त्याच्याशी पुढे बोलूच नका.

नांगरट
गावमामा, सगळे एजंट तसे नसतात. आमच्या भागातले एक काका आहेत, स्वतःच सांगतात, "ही तुम्हाला नको, इथे एप्रिलमध्ये टँकर येतो." अशा माणसाला कारण सांगितलं तर तो पुढच्या वेळी नेमकी जमीन आणतो. माझी आत्ताची जमीन त्यांनीच दाखवली. पण गट नंबरची अट दोघांनाही लावावी, हे मान्य.

पुनवेची_चांदणी
आणि विकणारे नातेवाईक असतील तर? माझे मामेसासरे गेल्या उन्हाळ्यापासून मागे लागले आहेत. ५ गुंठे "घरच्या घरी" घ्या म्हणतात. फोन टाळावा तर लग्नकार्यात समोर येतात.

जुने_दप्तर
५ गुंठे शेतजमीन? मग तुमचं काम कायद्यानेच सोपं केलंय. १९४७ चा तुकडेबंदी कायदा. २०२३ च्या अधिसूचनेनुसार बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र (याहून लहान तुकडा पाडता येत नाही) जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे. निवासी क्षेत्रांसाठी नियम सैल झालेत, पण तो गट शेतीचाच असेल तर ५ गुंठ्यांचा तुकडा वेगळा पाडून घेण्यात अर्थ नाही.

बांधावरची
कायद्याचं कारण खरं आहे, पण चांदणी, नातेवाइकांना कायदा पुढे करू नका. उद्या ते म्हणतील, "मग २० गुंठे घ्या." फोनवर नको, मेसेज तर नकोच. घरी जा, मामींनाही बसवा आणि दोघांसमोर सांगा: "मामा, आम्ही नात्यात जमिनीचा व्यवहार करणार नाही, तुमच्याशी नाही आणि इतर कोणाशीही नाही." एकदा हे सांगितलं की मग जमिनीची गुणवत्ता, भाव, काहीच बोलावं लागत नाही. मात्र मग खरंच कोणत्याही नातेवाइकाची घ्यायची नाही, हे पाळावं लागतं.

पुनवेची_चांदणी
हे जमेल. मामींना तर बहुधा विकायचीच नाहीये. :)

कोरडवाहू
एक राहिलं. मालकाला सांगितलेलं कारण मालकालाच सांगा, पानटपरीवर नको. "त्या गटात वाद आहे" असं एक वाक्य गावात पसरलं की चार वर्षं गिऱ्हाईक फिरकत नाही, मग वाद खरा असो वा नसो. आमच्या शेजारच्या गटाचं तसंच झालंय.

नांगरट
हे सोन्यासारखं बोललात.

रानवाट
सगळ्यांचे आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. तुमचं सगळं धरून मालकांसाठी एक मजकूर केलाय, जरा बघा:

"नमस्कार. गट नंबर अमुकचे कागद बघितले. ही जमीन आम्ही घेत नाही, हा निर्णय पक्का आहे, त्यामुळे आमच्यासाठी थांबू नका. पुढच्या गिऱ्हाईकाला अडचण येऊ नये म्हणून सांगतो: (इथे एकच कारण). याबद्दल तहसील कार्यालयात किंवा वकिलांना विचारून घ्या. तुमचं आधार व इतर कागद मी काढून टाकले आहेत. विश्वासाने विचारलंत त्याबद्दल आभार."

बांधावरची
चांगलं आहे. वर्ग २ किंवा ३६अ चं प्रकरण असेल तर "आमच्या समजुतीप्रमाणे" हे शब्द घाला. तुम्ही सातबारा बघितलाय, फेरफार नाही बघितले. शर्त कधीच उठलेली असून सातबाऱ्यावर ओढायची राहिलेली असू शकते.

कोरडवाहू
माझ्यासारख्याच्या घरी मेसेज वाचणारा मुलगा असतो, विकणारा बाप असतो. वय जास्त असेल तर आधी फोन करा, मग हाच मजकूर पाठवा. फोनवर ऐकलेलं विसरतात, नुसता मेसेज कोरडा वाटतो.

चिंचेखाली
मी वाद घातला खरा, पण हा मजकूर उतरवून घेतला. "आमच्यासाठी थांबू नका" हे सगळ्यात कामाचं वाक्य आहे.

खडकाळ
रानवाट, तुम्हाला नको असलेल्यांत सातारा जिल्ह्यातलं एखादं वर्ग १ चं माळ असेल तर मला हवंय. शेळ्यांसाठी बघतोय, पाणी थोडं असलं तरी चालेल, रस्ता मात्र लागेल.

रानवाट
माणच्या बाजूचं एक आहे, वर्ग १, रस्ता नकाशावर आहे, फक्त विहीर डिसेंबरात आटते. मालकांना उद्या नाही म्हणून सांगणारच आहे. त्यांनी चालेल म्हटलं तर तुमचा नंबर त्यांना देतो, त्यांचा परस्पर तुम्हाला देत नाही.

खडकाळ
तसंच करा. तुमच्या विपुत (विचारपूस, खाजगी निरोपात) नंबर टाकलाय. घ्यायची नसली तर मीही त्यांना आठवड्यात कळवीन.